हळदीची फुलं, उसाचे तुरे

सह्याद्रीचा माथा फुलतो तो श्रावणाच्या अखेरीपासून आश्विनापर्यंत. नेमका त्याच काळात चातुर्मास असतो आणि मराठी घरांत लग्नं थांबलेली असतात. आषाढी एकादशीला देव झोपतात, कार्तिकी एकादशीला उठतात, तुळशीचं लग्न लागतं आणि मग माणसांच्या लग्नांचे मुहूर्त सुरू होतात. तोवर कासच्या पठारावरचा तेरडा झडलेला असतो, सोनकी वाळलेली असते, गवत पिवळं पडलेलं असतं. लग्नातली फुलं कोणती म्हणून विचारलं की शेवंती, झेंडू, निशिगंध, अबोली, मोगरा हीच नावं तोंडी येतात, त्याचं एक कारण मला हे वाटतं. ही सगळी मार्गशीर्ष ते वैशाख या काळात बागेत आणि मळ्यात मिळणारी फुलं. डोंगरावरच्या पावसाळी फुलांची आणि मराठी नवरीची गाठ फारशी पडलीच नाही.

आता ती पडू लागली आहे. नोंदणी पद्धतीनं लग्न करायचं, कार्यालय घ्यायचं नाही, दोन्हीकडची मिळून दहा-पंधरा माणसं घेऊन डोंगराच्या कुशीत किंवा पाण्याच्या काठी उभं राहायचं आणि एकमेकांना हार घालायचे, असं ठरवणारी मुलं-मुली वाढताहेत. आमच्या वाईला अशा जागांची वाण नाही. धोम धरणाचं पाणी आहे, पांडवगडाचा पायथा आहे, पसरणी घाटाखालची शेतं आहेत. मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि त्याखालचा कृष्णेचा घाट तर सिनेमावाल्यांनी घरोघरी पोचवला. ‘स्वदेस’ तिथलाच. लग्नाआधीचे फोटो काढायला येणारी जोडपी त्या घाटावर आता नेहमी दिसतात. घरच्यांना चुकवून आळंदी गाठणं, असं एकेकाळी गुपचूप लग्नाचं चित्र होतं. इथे घरचेच गाडी चालवत येतात. गर्दी तेवढी नको असते.

आणि या लग्नांत नवरीच्या हातात फुलांचा गुच्छ असतो. तो रानातून आत्ताच वेचून आणल्यासारखा दिसावा, अशी तिची इच्छा असते.

माझ्या भाचीची होती. तिनं भाद्रपदातली तारीख धरली होती. “मावशी, हॉल नको, स्टेज नको. हातात फक्त रानातली फुलं हवीत. तू झाडंझुडं ओळखतेस, तूच गुच्छ कर.” रानातली म्हणजे कुठली, असं मी विचारलं. “कासची,” ती म्हणाली. मी नाही म्हटलं. तिनं कारण विचारलं. ते नीट सांगायचं तर दोन वाक्यांत भागत नाही.

कायद्याची बाजू आधी सांगते, ती सोपी आहे. विशेष विवाह कायदा १९५४ चा. त्यात ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते, दोघांपैकी एकानं त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेलं असावं लागतं, विवाह अधिकाऱ्यासमोर तीन साक्षीदार लागतात. पुष्कळांना माहीत नसतं की हे लग्न कचेरीतच लागलं पाहिजे असं नाही. जादा शुल्क भरून कचेरीपासून वाजवी अंतरावरच्या दुसऱ्या जागीही ते लावता येतं. विधी कोणताही चालतो, मात्र अधिकाऱ्याच्या आणि साक्षीदारांच्या देखत दोघांनी, त्यांना समजणाऱ्या भाषेत, एकमेकांचा पती-पत्नी म्हणून स्वीकार करतो असं म्हणावं लागतं. म्हणजे आंब्याखाली उभं राहून मराठीत लग्न करायला कायद्याची आडकाठी नाही.

आडकाठी फुलांची आहे. कासचं पठार वनखात्याच्या हद्दीत आहे आणि राखीव वनातलं फूल तोडणं हा गुन्हा आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात महाराष्ट्रातल्या कोयना, चांदोली, राधानगरी यांच्याबरोबर कासही आहे. पण दंडाच्या भीतीनं थांबणं वेगळं आणि त्या झाडांचं जगणं कळून थांबणं वेगळं. भाचीला मला दुसरं सांगायचं होतं.

समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटरवरचा तो जांभ्या खडकाचा सडा. वर मातीचा थर इतका पातळ की कुठे बोटभर, कुठे तेवढाही नाही. आठ महिने कोरडा, तापलेला दगड आणि चार महिने त्यावरून वाहणारं पाणी. या चार महिन्यांत उगवायचं, फुलायचं, बी धरायचं आणि मरायचं, असा तिथल्या कितीतरी वनस्पतींचा जन्म. पुढच्या वर्षी तिथे काही उगवायचं असेल तर ते या वर्षीच्या फुलातल्या बियांतूनच. सीतेची आसवं ही नाजूक निळी-जांभळी फुलं मूळ म्हणावं असं काही नसलेल्या वनस्पतीची. ओल्या मातीत तिचे बारीक फुगे असतात, त्यांत ती सूक्ष्म जीव पकडते, कारण त्या दगडावर दुसरं अन्न नाही. गेंदाच्या पांढऱ्या गुंड्या पाणथळ जागेत उभ्या. वायतुऱ्याचं शास्त्रीय नावच साताऱ्यावरून पडलेलं, कारण तो या भागाबाहेर जवळजवळ सापडत नाही. पठारावरच्या उथळ डबक्यांत त्याचा दोन फाट्यांचा तुरा पाण्याबाहेर डोकावतो.

आणि टोपली कारवी. ती सात वर्षांनी एकदा फुलते. तिची थोरली बहीण, डोंगरउतारावरची कारवी, तीही तशीच: सात पावसाळे नुसती पानं आणि काठ्या वाढवते, एका पावसाळ्यात सगळा उतार जांभळा करून टाकते, बी धरते आणि वाळून जाते. त्या एका बहरावर मधमाश्याही पोसल्या जातात. महाबळेश्वरच्या मधपाळांकडे कारवीच्या मधाचा वेगळा मान आहे, आणि तिथल्याच मांघर गावाला २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ ही ओळख मिळाली. कारवीचा एक घोस तोडणं म्हणजे सात वर्षांची पुंजी हातात घेऊन फोटो काढणं.

शिवाय ही फुलं हातात टिकत नाहीत. देठं पाणीदार, नाजूक, ओल्या हवेला सरावलेली. तोडली की माना टाकतात. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ असं आपण म्हणतो. भाद्रपदात तेरड्याच्या रोपांची गौर आणतात ती नदीकाठच्या, ओढ्याकाठच्या तेरड्याची आणि तीही मुळासकट. पठारावरचा तेरडा निराळ्या जातीचा, वीतभर उंचीचा. तोडलेल्या फांदीवर त्याचा रंग दुपारपर्यंतही राहत नाही.

“मग रानातली फुलं म्हणजे काय फक्त बघायची?” भाचीनं विचारलं. तिचा प्रश्न रास्त होता. मी तेव्हा तिला जे उत्तर दिलं त्यावर माझा आज पूर्ण विश्वास आहे: ज्या झाडाचा वंश बीवर चालतो आणि जे आपल्याला लावता येत नाही, त्याचं फूल घ्यायचं नाही. ज्याचा वंश गड्ड्यावर, कंदावर, कांडीवर, फांदीवर चालतो, त्याचं फूल मोकळ्या मनानं घ्यायचं. मग वाईच्या शिवारातच इतकं मिळतं की गुच्छ बांधताना काय ठेवू आणि काय काढू असं होतं.

पहिली हळद. वाईची हळद जुन्या काळापासून नावाजलेली. लग्नात हळद लागते ती दळलेली, पण हळदीला फूल येतं हे शहरातल्या किती नवऱ्यामुलींनी पाहिलेलं असतं? पाऊस लागताना गड्डे लावायचे, श्रावण-भाद्रपदात कमरेएवढ्या उंच, रुंद पानांच्या मधून दांडा वर येतो आणि त्यावर एकावर एक रचलेल्या वाट्यांसारखं कणीस उमलतं. खालच्या वाट्या फिक्या हिरव्या, वरच्या पांढऱ्या, कडेला गुलाबी झाक. खरं फूल म्हणजे त्या वाट्यांच्या आत दडलेलं पिवळं, लहानसं. ते दोन दिवसांत जातं, पण वाट्या टिकतात आणि गुच्छाला आकार त्या देतात. जगभरच्या फूलबाजारात हळदीच्या कुळातली फुलं दांड्यावर विकली जातात, आपल्याकडे ती शेतातच वाळतात. आणि मुख्य म्हणजे लागवडीची हळद सहसा बी धरत नाही. तिच्या गुणसूत्रांचा हिशोब असा बसला आहे की फुलातून पुढची पिढी निघत नाही. हजारो वर्षं ती माणसाच्या हातून, गड्ड्यातून गड्ड्यात चालत आली आहे. तिचं फूल तोडल्यानं शेतकऱ्याचं पुढच्या वर्षीचं बेणं कमी होत नाही.

पावसाळी लग्नाच्या गुच्छात म्हणून मी हळदीची तीन किंवा पाच कणसं मध्यभागी धरते. तोडताना एक काळजी घ्यावी लागते. त्या वाट्यांत पावसाचं पाणी साचतं आणि मुंग्या असतात. कणीस उलटं धरून हलकेच झटकायचं, मग बादलीत उभं करायचं. तिच्या शेजारी बांधावरच्या कुंपणातली कळलावी चालते. वळलेल्या, लाल-पिवळ्या पाकळ्यांच्या त्या फुलांना आपल्याकडे गौरीचे हात म्हणतात. कापल्यावरही ती चांगली टिकतात, कंद जमिनीत राहतो आणि पुन्हा फुटतो. पण कळलावी सर्वांगानं विषारी आहे, कंद तर फारच. ज्या लग्नात लहान मुलं असतील किंवा गुच्छ जेवणाच्या टेबलावर ठेवला जाणार असेल, तिथे ती घेऊ नये. भाचीच्या लग्नात दोन वर्षांचा एक पुतण्या होता. मी कळलावी वगळली आणि सोनटक्का घातला. तोही हळदीच्याच कुळातला, कंदावर चालणारा, परसात कुणाच्याही मिळणारा, आणि संध्याकाळी असा दरवळतो की फोटोत न दिसणारी गोष्ट लग्नाला मिळते.

कार्तिकानंतरचं लग्न असेल तर शिवार बदललेलं असतं आणि माझ्या मते जास्त देखणं असतं. या दिवसांत पुण्या-मुंबईची मंडळी परदेशी पांपास गवताचे वाळवलेले तुरे महागामोलानं मागवतात. भुईंजच्या साखर कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यानं एकदा मार्गशीर्षात जाऊन बघावं. दोन्ही बाजूंना उसाला तुरे आलेले असतात, सकाळच्या उन्हात रुपेरी, तिरक्या उन्हात जांभळट. उसाला तुरा येणं शेतकऱ्याला नको असतं. तुरा आला की उसाची वाढ थांबते, तोड लांबली तर ऊस पोकळ होत जातो, वजन आणि साखर दोन्ही उतरतात. ऊस लावला जातो कांडीवर, तुऱ्याचा त्याला काही उपयोग नाही. मालकाला विचारून चार तुरे मागितले तर बहुधा तो म्हणतो, हवे तेवढे न्या. मात्र उमलून भुरभुरायला लागलेला तुरा घेऊ नये, तो शालूवर पिंजतो. नुकताच पात्यातून बाहेर आलेला, अजून मिटलेला घ्यावा, उलटा टांगून सावलीत आठवडाभर वाळवावा. उसाची पात हाताला कापते, तेव्हा पूर्ण बाह्यांचा सदरा घालून जावं.

तुऱ्याबरोबर पांढरी शेवंती. ती काश्यांवर लावली जाते, तिचंही बीवाचून अडत नाही. निशिगंधाचे दांडे, कंदावरचे, खालची दोन-तीन फुलं उमललेली आणि वरच्या कळ्या मिटलेल्या असे निवडावेत, म्हणजे लग्नाच्या वेळी ते अर्धे फुललेले असतात. नाचणीची मुडपलेल्या बोटांसारखी कणसं घ्यावीत, भाताची लोंबी घ्यावी. ही दोन्ही बीचीच पिकं, पण माणसानं पेरलेली, माणसानं कापायची, तेव्हा मूठभर दाणा गुच्छात गेला तर कुणाचा वंश बुडत नाही. माणदेशाकडून, जत-आटपाडीकडून कुणी येणार असेल तर करडईच्या केशरी बोंडांच्या फांद्या मागवाव्यात. काटे असतात, ते कात्रीनं छाटावे लागतात, पण करडई वाळल्यावरही रंग सोडत नाही.

उन्हाळ्याचं फार सांगण्यासारखं नाही. मोगरा, आंब्याची तांबूस पालवी, कडुनिंबाचा मोहर, दवणा. बहावा मोह घालतो, पण हातात घेतला की पाकळ्या गळतात. तो झाडावरच राहू द्यावा आणि लग्नच त्याच्याखाली लावावं.

रानातून न विचारता, न मोजता घेता येईल असंही एक फूल आहे. पिवळा-नारिंगी कॉसमॉस मूळचा मेक्सिकोचा. बागेतून सुटून तो पुणे-सातारा भागातल्या रस्त्याकडेला आणि टेकड्यांवर पसरला आहे, आणि जिथे माजतो तिथे देशी गवत आणि फुलं मागे हटतात. त्याचं जेवढं फूल तोडाल तेवढं बी कमी पडेल. घाणेरीचंही तेच, पण तिची फुलं लगेच गळतात आणि वासही उग्र. पाहुण्यांच्या खुर्च्यांना बांधायला कॉसमॉसचे झुबके उत्तम.

भाचीला मी एक गोष्ट आग्रहानं सांगितली. गुच्छ ही बाहेरून आलेली चाल आहे, वसईच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांत ती पिढ्यान्पिढ्या आहे, तिथून आणि सिनेमांतून ती आपल्याकडे आली. पण लग्नाआधी झाडाच्या डहाळ्या आणून, एकत्र बांधून, त्यांना साक्ष ठेवणं हे आपल्याकडे फार जुनं आहे. त्याला देवक म्हणतात. कुणाचं देवक पंचपल्लव, कुणाचं उंबर, कुणाचं कळंब, कुणाचं जांभूळ, कुणाची हळदसुद्धा. डहाळी वाजतगाजत आणायची, तिची पूजा करायची, ती मांडवात बांधायची. आणि त्याबरोबरचा नियम असा की आपल्या देवकाच्या झाडाला एरवी इजा करायची नाही. तोडायचं कधी, किती आणि कुणाला विचारून, याचा विचार आपल्या लग्नविधीत आधीपासून आहे. देवराईतली वाळकी काडीही घरी न नेणारी माणसं याच डोंगरांत राहतात. कालिदासाची शकुंतला आश्रमात गांधर्व विवाह करते, म्हणजे मोकळ्या रानातलं, साक्षीदारांवाचूनचं लग्न. तिच्याविषयी कण्व सांगतात ते हेच, की नटण्याची हौस असूनही ती मायेपोटी झाडाची पालवी खुडत नसे. भाचीकडचं देवक पंचपल्लव. तिच्या गुच्छात आंबा, जांभूळ आणि उंबर यांच्या कोवळ्या डहाळ्या गेल्या, आणि गुच्छ पाहून तिची आजी पहिल्यांदा या लग्नाविषयी मोकळं बोलली.

साध्या लग्नाचीही या मातीला ओळख आहे. जोतीराव फुल्यांचं घराणं मूळचं खटाव तालुक्यातल्या कटगुणचं. पेशवाईत फुलं पुरवण्याच्या व्यवसायावरून त्यांना फुले हे आडनाव मिळालं. सावित्रीबाई नायगावच्या, वाईच्या शेजारच्या खंडाळा तालुक्यातल्या. सत्यशोधक समाजाचा पहिला विवाह २५ डिसेंबर १८७३ रोजी झाला, त्यात सावित्रीबाईंचा पुढाकार होता. पुरोहिताला फाटा देऊन वधूवरांनी एकमेकांना वचनं दिली. आणि साठ वर्षांनी, १६ जून १९३३ रोजी, पुण्याच्या पर्णकुटीत गांधीजींचे पुत्र देवदास आणि राजगोपालाचारींची कन्या लक्ष्मी यांचं लग्न लागलं. गांधीजी २१ दिवसांच्या उपवासातून नुकतेच उठले होते. वर वैश्य, वधू ब्राह्मण, म्हणजे शास्त्री मंडळींच्या लेखी प्रतिलोम विवाह. तो लावायला पुढे आले ते वाईच्या प्राज्ञपाठशाळेत घडलेले लक्ष्मणशास्त्री जोशी, पुढे याच गावात मराठी विश्वकोशाचं काम उभं करणारे तर्कतीर्थ. थोड्या माणसांचं, थोड्या खर्चाचं, पण ठाम मनाचं लग्न वाईला नवीन नाही.

आता बांधणीविषयी. फुलं आदल्या दिवशी सूर्य उतरल्यावर किंवा त्याच दिवशी पहाटे तोडावीत, भर उन्हात कधीही नाही. विळ्यानं ओढू नये, धारदार चाकूनं देठ तिरकं कापावं आणि बादली शेतातच न्यावी, म्हणजे कापलेलं देठ लगेच पाण्यात जातं. पाण्यात बुडणारी पानं काढून टाकावीत, ती कुजली की पाणी बिघडतं आणि फुलं आधी जातात. रात्रभर बादली घरातल्या अंधाऱ्या, गार कोपऱ्यात ठेवावी. वाईतल्या जुन्या वाड्यांची न्हाणीघरं याला फार चांगली. फूलवाल्यांकडचा हिरवा स्पंज मी वापरत नाही. ते प्लॅस्टिकच आहे, ते कुजत नाही आणि शेतात त्याचे तुकडे वर्षानुवर्षं राहतात. हातात धरायच्या गुच्छाला त्याची गरजही नसते.

पहिलं देठ डाव्या हातात उभं धरावं, दुसरं त्यावर तिरकं, तिसरं दुसऱ्यावर त्याच तिरक्या दिशेनं, आणि प्रत्येक वेळी जुडी थोडी फिरवावी. सगळी देठं एकाच बाजूला कलली की जुडी खाली पसरते, वर फुलांना जागा मिळते आणि एकही देठ दुसऱ्याला चेपत नाही. बांधायला केळीचं सोपट घ्यावं. हार-गजरे ओवणाऱ्या बायका ते वापरतात, कारण ते देठाला काचत नाही. त्यावर जुन्या नऊवारीची पट्टी गुंडाळावी.

डोंगरावर वारा असतो, म्हणून लांब लोंबणाऱ्या वेली टाळाव्यात, गुच्छ आखूड आणि घट्ट ठेवावा. नवरीच्या हातात हिरवा चुडा असतो, अंगावर पिवळी अष्टपुत्री असेल तर झेंडू आणि पिवळी शेवंती त्यात बुडून जातात. पांढरा, फिका हिरवा, हळदीच्या वाट्यांचा गुलाबी उठून दिसतो. हार घालताना, सप्तपदीला, सहीला तिला दोन्ही हात मोकळे लागतात, तेव्हा गुच्छ करवलीकडे जाणार हे धरूनच त्याचं वजन ठरवावं. करवली सात-आठ वर्षांची असेल तर फारच हलका.

लग्न लागलं, माणसं जेवायला बसली, की गुच्छाचं काय करायचं हे आधी ठरलेलं असावं. कृष्णेत सोडू नये. सोपट, कापड सोडवून बाजूला काढावं, हळदीची कणसं आणि डहाळ्या ज्याच्या शेतातून आल्या त्याच्याच उकिरड्यात जाऊ द्याव्यात. उसाचा तुरा, नाचणी, करडई घरी भिंतीवर वर्षभर राहते. कॉसमॉस मात्र शेतात किंवा रस्त्याकडेला टाकू नये. तोडल्यावरही त्याच्या बोंडात बी पिकतं. तो पोत्यात भरून घरी न्यावा आणि नीट वाळला की चुलीत घालावा.